वेळ तसा खाऊ

खाऊ म्हटले की लहानथोर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटते. दोन जेवणांच्या मध्ये भूक लागली की आपण काहीतरी तोंडात टाकतो. रानात न्याहारी करतो. पाहुणा आला की पोहे टाकतो. पोर रडले की त्याच्या हातावर पाच रुपये ठेवतो. पण कोणत्या वेळी काय खावे, याचा विचार आपण करतो का?

एका घरातले बोलणे ऐका. बाजाराचा दिवस होता. सासू आणि सून पिशव्या घेऊन निघाल्या होत्या.

सून म्हणाली, "आत्याबाई, पोरांना कुरकुऱ्या पाकिटांची माळच घेऊ या का? रोज दुकानात पळायला नको."

सासू म्हणाली, "घेऊ की. पण मला सांग, काल रात्री पोरं जेवली का नाहीत?"

"पाच वाजता पाकीट खाल्लं होतं ना त्यांनी."

"आणि मग दहाला रडत का उठली?"

"भूक लागली म्हणून."

"म्हणजे पाकिटानं भूक मेली, पण भागली नाही. होय ना?"

सून गप्प झाली. मग तिने बोटांवर हिशोब केला. दोन पोरे. दोघांचे मिळून दिवसाला १० रुपये. ३० दिवसांचे झाले ३०० रुपये! त्या दिवशी दोघींनी शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ घेतला. पोरांची हौस म्हणून दोनच पाकिटे घेतली.

सासूचे म्हणणे खरे आहे. असल्या पाकिटांत बहुतेक पीठ, तेल आणि मीठ असते. कधीमधी खाल्ले तर बिघडत नाही. पण तो रोजचा खाऊ नव्हे.

मग खाऊ कसा ठरवावा? मनाला तीन प्रश्न विचारावे.

१. खाणारा कोण आहे? लहान, म्हातारा, गरोदर, की आजारी?
२. काम कोणते आहे? ऊन किती आहे?
३. पुढचे जेवण किती लांब आहे?

आता एकेक वेळ पाहू.

पोर शाळेतून आले

जेवणाला अजून तीन तास आहेत. पोराच्या अंगाची वाढ व्हायची आहे. त्याला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. नाहीतर फुटाणे द्या. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे अंग बांधणारे सत्त्व. पेरू, बोरे, केळी निघाली असतील तर तीही द्या.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नका. दाणा श्वासनळीत अडकतो. जीव जाऊ शकतो. त्याला दाण्याचे बारीक कूट करून द्या. बुरशी धरलेला, कडवट दाणा तर कोणीच खाऊ नये.

रानात जायचे आहे

खुरपायला, नांगरायला ताकद लागते. नुसत्या चहा-बटरवर ती येत नाही. भाकरी, पिठले, चटणी, कांदा ही न्याहारी चांगली. वर लिंबू पिळावे. लिंबामुळे अन्नातले लोह अंगी लागते. लोहाने रक्त वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते, लोह कमी लागते. म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. ज्या बायांना रक्त कमी आहे, त्यांनी हे जरूर पाळावे.

उन्हाळ्यात नाचणीची किंवा ज्वारीची आंबील प्यावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. त्याने हाडे बळकट होतात. हीच धान्ये मध्यंतरी लोक गरिबाची म्हणून टाकू लागले होते. पण २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर पाळले. आपल्या आजीचे धान्य जगाने मानले!

पाहुणा आला

उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची आपली जुनी रीत आहे. ती चांगलीच आहे. मग पोहे करावे. त्यांत शेंगदाणे आणि लिंबू घालावे.

पण पाहुण्याला मधुमेह असेल तर? आपण म्हणतो, "घ्या हो मामा, एका लाडवानं काय होतंय?" असा आग्रह करू नये. गुळाने साखर वाढत नाही, असे काही जण समजतात. ते खरे नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते. अशा पाहुण्याला ताक द्यावे, फुटाणे द्यावे. मान गोडातच असतो असे नाही.

उपास आहे

उपासाला आपण साबुदाणा खातो. पण १०० ग्रॅम साबुदाण्यात १ ग्रॅमसुद्धा प्रथिने नसतात. म्हणून खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे. राजगिऱ्याचा लाडू, दूध, ताक, रताळे, केळे हेही घ्यावे.

भगरीची मात्र काळजी घ्यावी. जुन्या, ओलसर भगरीला बुरशी धरते. तिच्या उघड्या पिठाने माणसांना विषबाधा होते. म्हणून तयार सुटे पीठ आणू नये. भगर अख्खी आणावी. निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी. शिजवलेली भगर लगेच खावी. दिवसभर ठेवू नये.

गरोदर बाईने कडक उपास करू नये. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास धरू नये.

गावाला जायचे आहे

एस.टी.त बसायचे, पंढरीला चालायचे, तर लवकर न विटणारी शिदोरी न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची सुकी चटणी बांधावी. ओली भाजी, वरण बांधू नये. उन्हात ते आंबते. चिरमुरे-फुटाणे पिशवीत असले की वाटेत उघड्यावरचे खावे लागत नाही.

पोराला जुलाब लागले

काही जण म्हणतात, पोट रिकामे ठेवा. तसे करू नये. मऊ भात, पेज, मुगाचे वरण थोडे थोडे द्यावे. आशाताईंकडून ओ.आर.एस.ची पुडी आणावी. ती नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते घोट घोट पाजावे. पोर मलूल झाले तर लगेच दवाखान्यात न्यावे.

पाहा, यातला बहुतेक खाऊ आपल्या घरात, आपल्या शिवारातच आहे. तो महाग नाही. विचार मात्र थोडा जास्त लागतो. तोंडाला रुचेल आणि अंगाला लागेल, तोच खरा खाऊ.

आठवून सांगा

१. खाऊ ठरवताना कोणते तीन प्रश्न विचारावे?
२. लहान पोराला अख्खा शेंगदाणा का देऊ नये?
३. भगरीचे तयार सुटे पीठ का आणू नये?

करून पाहा

तुमच्या घरात महिन्याला पाकिटांवर किती पैसे जातात, ते वहीत लिहा. तेवढ्या पैशांत किती शेंगदाणे आणि किती फुटाणे येतात, ते बाजारात विचारा. दोन्ही आकडे घरच्यांना वाचून दाखवा.