जिवंत पेशींतील दिवे

पिठाच्या खळींत लाळ मिसळली कीं कांहीं वेळानें आयोडीनचा निळा रंग उमटेनासा होतो, हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं केलेलाच आहे. हें काम लाळेंतील एंझाइमाचें. परंतु तें झालें परीक्षानळींत. पेशी जिवंत ठेवून तिच्यांतील एंझाइम काम करीत आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें?

कित्येक पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. यास अनुस्फुरण म्हणतात. हिंवतापावरील क्विनीनचें पाणी उन्हांत धरलें असतां जी निळसर झांक दिसते, तिची मीमांसा स्टोक्स यांनीं १८५२ मध्यें केली. पुढें १८७१ मध्यें बायर यांनीं फ्लुओरेसीन हा रंग बनविला. तो निळ्या प्रकाशांत हिरवा झळकतो.

या रंगास दोन ॲसिटिल गट जोडले म्हणजे त्याची झळक नाहींशी होते. जणूं दिव्यावर झांकण पडलें. असा झांकलेला रंग पेशीच्या स्निग्ध आवरणांतून सहज आंत शिरतो. आंतील एस्टरेज एंझाइमें तें झांकण कापतात व पेशी उजळते. मोकळा झालेला रंग विद्युद्भारित असल्यानें सहसा बाहेर पडत नाहीं. मात्र आवरण फाटलेल्या मृत पेशींतून तो गळून जातो. रॉटमन व पेपरमास्टर यांनीं हें १९६६ मध्यें दाखविलें. एकाच रंगानें दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळावींत, हें आम्हांस मोठें नवल वाटतें.

कर्करोगाची गांठ कापतांना तिचा बारीक कण नजरेस न पडतां मागें राहिला, तर रोग पुन्हां उद्भवूं शकतो. टोकियो विश्वविद्यालयांतील उरानो व अमेरिकेंतील कोबायाशी यांनीं २०११ मध्यें दिव्यास ग्लुटामिक आम्लाचें झांकण घातलें. तें काढणारें जीजीटी नांवाचें एंझाइम कित्येक कर्कपेशींच्या पृष्ठभागीं विपुल असतें. उंदरांच्या पोटांत हा द्रव फवारतांच सुमारें एका मिनिटांत एक मिलिमीटरहून लहान गांठीही हिरव्या दिसूं लागल्या!

तथापि झळक दिसली म्हणजे एंझाइम सांपडलें, असें घाईनें मानूं नये. झांकण कधीं आपोआपही गळतें. म्हणून त्या एंझाइमास रोखणारें द्रव्य आधीं घालून प्रयोग पुन्हां करितात. तेव्हां अंधार राहिला, तरच पहिला उजेड खरा. शिवाय प्रत्येक गांठींत जीजीटी विपुल नसतें. यास्तव इतर एंझाइमांसाठीं निराळीं झांकणें बनविण्याचें काम चालूं आहे.