हातमोजे घातले, मग दाराची कडी कोणी उघडली?

नवघर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये मावशी म्हणून काम करणाऱ्या वाचक भगिनीने विचारलंय, "डॉक्टर, आम्हाला सकाळी एक मास्क आणि हातमोज्यांची एक जोडी मिळते. ड्युटी संपेपर्यंत तेच. चालतं का?"

नाही चालत, ताई. मास्कचं एक वेळ निभावून नेता येईल, हातमोज्यांचं मुळीच नाही. उघड्या हाताला काही लागलं की आपण लगेच नळाखाली धरतो. मोज्यावर लागलेलं कळतही नाही, आणि तोच हात बेडपॅनवरून सलाइनच्या स्टँडवर, केसपेपरवर, दाराच्या कडीवर आणि शेवटी मोबाइलवर जातो. मोज्याला रंगपंचमीचा ओला रंग लागलाय असं समजून तासभर काम करून पाहा. वॉर्डभर कुठे कुठे बोटं उमटतील ते दिसेल.

म्हणून एका रुग्णाच्या एका कामाला एक जोडी. त्याच रुग्णाची घाण साफ करून मग त्याच्या सलाइनला हात लावायचा असेल, तरी मधे मोजे बदला, हात धुवा. मोज्यांवर सॅनिटायझर चोळून तेच पुढे वापरू नका. पाण्याचा ग्लास देणं, ताप मोजणं, नाव लिहून घेणं याला बहुधा मोजे लागतच नाहीत, स्वच्छ हात लागतात. तिथले वाचवले की खऱ्या गरजेला पुरतात, हे मालकांनाही सांगा.

२०२० मध्ये भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे आपलं टेंभा, कोरोनासाठी राखून ठेवलं होतं. तेव्हापासून संरक्षण म्हटलं की लोकांना डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाखच आठवतो. किट घालण्याचे फोटो खूप निघाले. काढण्याचे फारसे कोणी काढले नाहीत, आणि खरी जोखीम तिथेच असते. माणूस घामाने निथळलेला, कधी एकदा मोकळा होतो असं झालेलं, आणि बाहेरची बाजू सगळी दूषित.

क्रम सोपा आहे. घालताना आधी हात धुवून गाऊन, मग मास्क, मग चष्मा किंवा फेस शील्ड, शेवटी मोजे, गाऊनच्या बाहीवर चढवलेले. काढताना पहिले मोजे. एका मोज्याला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरा, उलटा करत ओढा आणि दुसऱ्या मुठीत ठेवा. आता उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवा आणि तोही उलटा करा. पहिला त्याच्या पोटात राहतो. मग हात स्वच्छ करून चष्मा मागून धरून काढा, गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवा. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर: खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, पुढच्या भागाला हात न लावता. पुन्हा हात धुवा. मोजे लाल पिशवीत, मास्क पिवळ्या पिशवीत. घंटागाडीत यातलं काहीही नाही.

कुठल्या आजाराला काय, हेही पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण येतात. यातला एकही श्वासावाटे पसरत नाही. तिथे एन९५ चढवून बसण्यात अर्थ नाही, रक्त घेताना मोजे हवेत. उलट दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊन कोणी आलं, तर आपण बिनधास्त असतो. खबरदारी तिथे हवी. रुग्णाला साधा सर्जिकल मास्क द्या, स्वतः एन९५ लावा. आणि खिडकी उघडा! रस्त्यालगतच्या गाळ्यातले आपले दवाखाने, काचेचं दार लावून एसी सुरू, आत दहा माणसं खोकतायत. क्षयाच्या जंतूला आणखी काय हवं?

एन९५ लावल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाशेजारून वारा आला, तर पट्टी पुन्हा दाबा. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही, हे वॉर्डबॉय मामांना जरा कटू लागेल. झडपवाला मास्क नको. त्यातून तुमचा उच्छ्वास न गाळता रुग्णावर जातो. एन९५ ओला, मळका किंवा पट्टा सैल झालेला नसेल तर एक पाळी निघते. सर्जिकल मास्क ओलसर झाला की बदला. हनुवटीवर ओढलेला पुन्हा नाकावर नेऊ नका.

मोज्याने सुई अडत नाही. सुईला टोपण परत लावायला जाऊ नका. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी, जमल्यास दोन तासांच्या आत, सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घ्यायची असते: तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

मागायला संकोच वाटत असेल, तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांचं नाव घ्या. कचरा हाताळणाऱ्यांना पुरेशी संरक्षक साधनं देणं, कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा तरी त्यांची तपासणी करणं ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, मग ते चार खाटांचं का असेना. चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.