वहीतले गणित, दुकानातला हिशेब

प्रश्न : पाचवीतला माझा मुलगा वहीतली गणिते बिनचूक सोडवतो, पण वाण्याने परत दिलेले पैसे त्याला मोजता येत नाहीत. काय करावे?

उत्तर : आपल्या मुलाची बुद्धी मंद नसून, वस्तूंशी ओळख होण्यापूर्वीच त्याची चिन्हांशी सोयरीक जुळवली गेली, हे या विसंगतीचे मूळ असावे. प्रथम त्याच्याकडे केवळ मोड परत घेण्याचे काम सोपवावे. तेही वजाबाकीने नव्हे, तर वाण्याच्याच रीतीने, म्हणजे जिन्नस ६३ रुपयांचे असता सात देऊन ७०, तीस देऊन १००, असे वर चढत.

ही रीत अंगवळणी पडल्यावर अपूर्णांकांकडे वळावे, आणि येथे घाई नको. १९५७ साली दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया गेला आणि त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाढेही अडगळीत पडले. परंतु पाव आणि दीड ही मापे बाजारातून हद्दपार झाली नाहीत, याचा आपणास विसर पडला. ८० रुपये किलोच्या डाळीचा पाव २० रुपयांना, म्हणून दीडपाव ३० रुपयांना, हे ज्याला दिडकीमुळे उमगते, त्याला ३७५ ग्रॅमचा गुणाकार मांडावा लागत नाही. (साडेतीनपटीची औटकी मी हौसेखातर शिकवतो, सक्ती करत नाही.)

मग व्याज : दरसाल दरशेकडा ६ दराने २५० रुपयांवर वर्षाचे १५, तर आठ महिन्यांचे १०. कागद देण्यापूर्वी अदमास विचारावा. तो थोडा चुकला तरी चालेल, पण दहाच्या जागी शंभर आले, तर ते त्याचे त्यालाच खटकले पाहिजे. घरचा आठवड्याचा जमाखर्चही त्यानेच लिहावा आणि शिल्लक डब्यातल्या रोकडीशी ताडून पाहावी. तफावत निघाल्यास आपण मध्ये पडू नये.