जोड मिळेना : हमीदा बानूची कारकीर्द

धंदेवाईक मुष्टियुद्धात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन आकडे लिहिलेले असतात : जिंकलेल्या लढती, हरलेल्या लढती आणि बरोबरीत सुटलेल्या लढती. हे आकडे खेळाडूने स्वतः सांगायचे नसतात. परवाना देणारे मंडळ पंच नेमते, वजन करून घेते, डॉक्टरकडून तपासणी करवते आणि निकालाची नोंद ठेवते. विजेतेपदाचा पट्टाही अशाच एखाद्या संस्थेच्या मान्यतेने मिळतो.

आपल्याकडच्या कुस्तीचा व्यवहार याहून निराळा आहे. औराद, भालकी, उदगीर, देगलूर या पट्ट्यातील जत्रांत हलगीच्या तालावर पोरांच्या नारळाच्या कुस्त्यांनी फड सुरू होतो आणि शेवटची कुस्ती चांदीच्या कड्यावर सुटते. जोड ठरते ती जाणत्या मंडळींच्या नजरेने आणि निकाल राहतो लोकांच्या तोंडी. आपण मराठीत ज्याला तालीम म्हणतो आणि आपले कन्नड मित्र गरडी म्हणतात, तिथे मल्लाचा लौकिक असतो, वही नसते. ही पद्धत वाईट आहे असे मुळीच नाही. परंतु ज्या मल्लाला गावच नाही, तालमीची परंपरा पाठीशी नाही, आणि जी स्त्री आहे, तिच्या लौकिकाची साक्ष कोणी द्यायची? या प्रश्नाच्या अनुरोधाने एका कारकिर्दीचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारतीय स्त्रीचे धंदेवाईक मुष्टियुद्ध तसे अलीकडचे. मणिपूरच्या एल. सरिता देवी यांनी जानेवारी २०१७ मध्ये इम्फाळ येथे आपली पहिली धंदेवाईक लढत दिली आणि जिंकली. परंतु त्यापूर्वी सत्तर-पंचाहत्तर वर्षे मुंबई इलाख्यात एक स्त्री तिकीट लावून लढत होती व त्यावरच पोट भरत होती. ती मुष्टियोद्धा नव्हती, कुस्तीगीर होती. तिचे नाव हमीदा बानू.

हमीदा बानूंचा जन्म १९२० च्या सुमारास उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे कुस्तीगिरांच्या घरात झाला. पुढे त्या अलीगढला सलाम पैलवान यांच्याकडे शिकू लागल्या. ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ हे बिरूद वृत्तपत्रांनी त्यांना दिले ते त्या गावावरून. (अ‍ॅमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणांतील लढवय्या स्त्रिया.) उंची पाच फूट तीन इंच आणि वजन एकशे आठ किलो. त्यांच्या खुराकाचे वृत्तपत्रांना भारी कौतुक : रोज सुमारे साडेपाच लिटर दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम आणि वर दोन ताटे बिर्याणी. दिवसातून सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप हेही छापून येई. डाव कोणते टाकत, पकड कशी होती, याविषयी मात्र त्याच वृत्तपत्रांना फारसे लिहावेसे वाटले नाही.

१९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी त्यांची कुस्ती ठरली होती. ती पाहण्यासाठी सुमारे वीस हजार लोक जमल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले होते. पण ऐनवेळी गुंगाने जादा पैसे आणि तयारीसाठी जादा वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. वीस हजार माणसे जमवणारी मल्ल आणि समोर जोडच नाही! ही कथा पुढे वारंवार घडलेली दिसते.

१९५४ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिले की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा आणि कलकत्त्याचा असे दोन पुरुष मल्ल त्यांनी हरवले. मे महिन्यात बडोद्यास वाहनांवर फलक लावून कुस्तीची जाहिरात झाली. बडोद्याच्या महाराजांशी संबंध असलेला छोटे गामा पैलवान समोर येणार होता, पण बाईशी लढणार नाही असे सांगून त्याने माघार घेतली. त्याच्या जागी बाबा पैलवान उतरला. ही कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंदांत निकाली निघाली. त्याच वर्षी मुंबईत ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून गाजवलेल्या वेरा चिस्तिलिन हिला हमीदा बानूंनी मिनिटाच्या आत चितपट केले. तोपर्यंत आपण तीनशेहून अधिक कुस्त्या मारल्याचे त्या सांगत.

सांगत, असेच म्हणावे लागते, कारण नोंद ठेवणारे कोणी नव्हते. आणि इथूनच त्यांच्याविषयीचा वाद सुरू होतो. कुस्त्या आधीच ठरलेल्या असत, समोरचा मुद्दाम पडत असे, असे तेव्हाही पुष्कळजण म्हणत. एका पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केली, दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. हमीदा बानूंनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांना उत्तर मिळाले ते असे की, त्या स्त्री आहेत म्हणून कुस्त्यांना मनाई झालेली नाही. कुस्त्या भरवणारे त्यांच्यासमोर नुसते नावाचे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून मनाई आहे.

हे उत्तर बारकाईने वाचण्यासारखे आहे. तक्रार सर्वस्वी खोटी असेल असे नाही. दीड मिनिटात संपणाऱ्या कुस्त्या आणि लग्नाचा पण लावून विकलेली तिकिटे पाहिली की, भरवणाऱ्यांना मल्लविद्येपेक्षा गल्ल्याची काळजी अधिक होती हे उघड दिसते. लग्नाचे आव्हान ही तर निव्वळ जाहिरातबाजी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिने हमीदा बानूंच्या कुस्तीचे नुकसानच केले, कारण कुस्ती पाहायला आलेला माणूस त्यामुळे तमाशाच्या अपेक्षेने येऊन बसे. परंतु खरी जोड मिळणार तरी कोठून? तोलामोलाचा पुरुष मल्ल तिच्याशी लढायला तयार नसे, कारण जिंकला तर बाईला पाडल्याचे कौतुक कोण करणार, आणि हरला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. स्त्रियांच्या तालमी नव्हत्या, स्पर्धा नव्हत्या, म्हणून स्त्री प्रतिस्पर्धीही परदेशातून आणावी लागे. तेव्हा भरवणारा मिळेल त्याला उभा करी, आणि संघटना म्हणे की पाहा, जोड बरोबरीची नाही, म्हणून परवानगी नाही. जोड पारखून देण्याचे काम ज्यांचे, त्यांनी जोड लावून दिली नाही आणि खोट्या जोडीचा ठपका मात्र ठेवला.

त्या काळी इतरत्र काय चालले होते? हमीदा बानूंची समकालीन बार्बरा बट्रिक ही इंग्लंडमधील यॉर्कशायरची मुष्टियोद्धा. जन्म १९२९, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. तिलाही मायदेशी अधिकृत लढत मिळत नव्हती. जत्रेतल्या तंबूत, येईल त्याच्याशी ठोसेबाजी करून ती शिकली. इथवर दोघींची कथा एकाच वळणाची आहे. पण १९५२ च्या सुमारास बट्रिक अमेरिकेत गेली. १९५४ मध्ये, म्हणजे हमीदा बानू बडोद्यात लढल्या त्याच वर्षी, कॅनडातील कॅलगरी येथे ती जोअ‍ॅन हेगनकडून हरली. आणि १९५७ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे फिलिस कुगलरशी तिची लढत झाली, ती परवाना देऊन, अधिकृतपणे. ती तिने जिंकली. बट्रिकचे विजेतेपद आज निःशंकपणे मान्य होते याचे एक कारण, मला वाटते, तिचा पराभवही लिहिलेला आहे हे होय. हमीदा बानूंच्या तीनशे विजयांवर लोक शंका घेतात. बट्रिकच्या एका पराभवाने तिच्या इतर साऱ्या विजयांना विश्वासार्हता दिली. इंग्लंडला मात्र वेळ लागला : जेन काउच हिला १९९८ मध्ये न्यायाधिकरणाकडे जाऊन तेथील मुष्टियुद्ध मंडळाविरुद्ध आपला परवाना मिळवावा लागला.

हमीदा बानूही परदेशी जाणार होत्या. युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचे त्यांनी १९५४ मध्येच जाहीर केले होते. पण त्यानंतर त्या आखाड्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या. कुटुंबीयांच्या सांगण्याप्रमाणे सलाम पैलवानांना हे जाणे मान्य नव्हते आणि ते रोखण्यासाठी त्यांनी काठीने मारून हमीदा बानूंचे हात मोडले. पायांनाही दुखापत झाली होती व पुढे कित्येक वर्षे त्यांना काठीच्या आधाराने चालावे लागे, असे शेजाऱ्यांनी सांगितले आहे. मोरारजींकडे दाद मागणाऱ्या या बाईला घरातील या गोष्टीची दाद कोणाकडे मागावी हे सुचले असेल की नाही, कोण जाणे. उरलेले आयुष्य त्यांनी मुंबईजवळ कल्याणमध्ये काढले. दुधाचा धंदा केला, खोल्या भाड्याने दिल्या, हात आखडता आला तेव्हा घरी केलेले पदार्थ रस्त्याकडेला बसून विकले. १९८६ मध्ये त्या वारल्या. कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या उर्दू कथेत त्यांचा उल्लेख आहे, तो वगळता साहित्यातही त्या फारशा आढळत नाहीत. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा कोठे नव्या पिढीला हे नाव कळले.

दरम्यान स्त्रियांची कुस्ती २००४ मध्ये अथेन्स येथे आणि मुष्टियुद्ध २०१२ मध्ये लंडन येथे ऑलिंपिकमध्ये आले. महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली. तेथे वजने झाली, जोडी लागल्या, निकाल लिहिले गेले. अंतिम कुस्तीत सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली आणि मानाची चांदीची गदा तिने उचलली. हरली ती वैष्णवी पाटील, कल्याणची. तिचेही नाव नोंदले गेले आहे.