हरणाचं पाडस, मार्चअखेर आणि ‘माझ्याशिवाय कोण?’

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ५, अध्याय ८
सोबत: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २७ आणि अध्याय ९, श्लोक २६



आज आपण भरत राजाच्या कथेपाशी आलो आहोत. आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी कीर्तनात किंवा आजीकडून ऐकली असेल. राजा वनात गेला, हरणाच्या पाडसात गुंतला, आणि पुढच्या जन्मी हरीण झाला. तात्पर्य बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं, की मुक्या जनावरात जीव गुंतवू नका. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांना हे वाक्य टोचतं. म्हणून आजचा अध्याय जरा सावकाश वाचू.

आधी कथा.

हा भरत म्हणजे ऋषभदेवांचा मुलगा. रामाचा भाऊ भरत वेगळा, दुष्यंत-शकुंतलेचा भरत वेगळा. भागवताच्या मते आपल्या देशाचं ‘भारत’ हे नाव या भरतावरून पडलं. दीर्घकाळ राज्य करून, ते मुलांमध्ये वाटून देऊन तो गंडकीच्या काठी पुलह ऋषींच्या आश्रमात येऊन राहिला. ही नदी आजच्या नेपाळमधली. शाळिग्राम तिच्याच पात्रात सापडतात. फुलं, तुळस, पाणी, कंदमुळं एवढ्यावर त्याची पूजा चालायची, आणि तो आनंदात होता.

एके दिवशी तो नदीवर तीन मुहूर्त, म्हणजे सुमारे अडीच तास, जपाला बसला होता. एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. जवळच सिंहाची गर्जना झाली. घाबरून तिने प्रवाहावरून उडी मारली, त्या धक्क्याने पाडस पाण्यात पडलं, आणि ती पुढे जाऊन मेली. वाहत चाललेलं ते पाडस भरताने उचलून आश्रमात आणलं.

इथपर्यंत भरताने काय चूक केली? काहीही नाही. बुडणारा जीव समोर असताना जप करत बसला असता तर तो भरत कसला? पाडसाला वाचवलं म्हणून भागवत त्याला दोष देत नाही. पुढे काय काय सुटत गेलं, ते मात्र ते बारकाईने सांगतं.

एकेक नियम, एकेक पूजा, काही दिवसांत गळून पडली. सगळं एकदम सुटलं असं नाही. थोडं थोडं करत सुटलं. पूजेला बसला तरी तो मधेच उठून पाडस कुठे आहे ते बघून यायचा. पाडस चरायला लांब गेलं की लांडग्याने तर खाल्लं नसेल ना, या काळजीने जीव कासावीस व्हायचा. रात्री चंद्रावरचा डाग बघून त्याला वाटायचं, माझ्याच पाडसाला चंद्राने मायेने जवळ घेतलंय! आणि या सगळ्याच्या मुळाशी एक विचार होता, जो भागवताने त्याच्या मनातून उचलून आपल्यासमोर ठेवला आहे: या बिचाऱ्याला माझ्याशिवाय दुसरं कोणीच नाही.

हा विचार ओळखीचा वाटतोय ना?

आमच्या सत्संगातली एक मैत्रीण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हाच अध्याय वाचत होती. ती पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते, म्हणजे मार्चअखेर काय असते हे वेगळं सांगायला नको. त्याच आठवड्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून अनेकदा थेंब, आणि दोन वेगळ्या बाटल्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. नवरा कामासाठी बेंगळुरूला. घरकामाच्या मावशी गावच्या जत्रेला. आणि त्यातच घरातला कुत्रा, मोती, गोचिडतापाने आडवा. प्लेटलेट्स उतरलेल्या, गोळी खाल्ल्यावरच द्यायची, आणि तो तर खायलाच तयार नाही. पहाटे पाचला उठून ती त्याला भात-चिकन हाताने भरवत होती. तीन दिवस देवापुढे दिवाही लागला नाही. मग तिने मला विचारलं, “मी पण भरतासारखी अडकलेय का गं? देव बाजूला राहिला आणि मी कुत्र्याच्या मागे.”

मला तिचा प्रश्न फार खरा वाटला. कारण आपण तरुण मंडळी दोन टोकांना जातो. एक टोक म्हणजे “हे सगळं मोह आहे, सोडा.” दुसरं टोक म्हणजे “सेवा हीच पूजा, मग वेगळी पूजा कशाला?” पहिल्या टोकाला आजारी जीव उपाशी राहतो. दुसऱ्या टोकाला महिन्याभराने लक्षात येतं की नामही सुटलं आणि सेवेतला गोडवाही गेला. उरली फक्त चिडचिड.

आधी पहिल्या टोकाचं बघू. आपल्या शास्त्रांत गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. यातला भूतयज्ञ म्हणजे आपण जेवण्याआधी इतर जिवांसाठी अन्न काढून ठेवणं. गोग्रास किंवा काकबळी काढून ठेवायची जी पद्धत आपण आजोळी पाहिली, ती याच विचारातली. म्हणजे मोतीची वाटी भरणं हे देवाच्या आड आलेलं काम नाही. गृहस्थाश्रमाने नेमून दिलेलं ते कामच आहे.

आपल्या संतांकडेही बघा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल एकनाथ महाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. नाथांना त्यात पूजा मोडल्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने ते पाणी रामेश्वरालाच पोहोचलं होतं.

मग भरत आणि नाथ यांच्यात फरक काय? दोघांनीही जनावराला जीव लावला. नाथांचा हात जिथे होता तिथेच मन होतं, आणि त्या मनात देव होता. भरताचं शरीर पूजेत असलं तरी मन पाडसाकडे असायचं. आता आपला आठवडा आठवा. मीटिंगमध्ये बसलोय आणि डोक्यात कुत्र्याची गोळी. कुत्र्याला फिरवतोय आणि हातात ऑफिसचा मेल. देवापुढे बसलोय आणि मनात थेंबांची वेळ. प्रत्येक कामाला आपण हात देतो, मन एकालाही देत नाही. गोळी द्यायला पाच मिनिटं लागतात. तिची काळजी मात्र चोवीस तास करतो. दमवणारं काम कमी असतं, ही ये-जा जास्त असते.

आणि या ये-जा करण्याला इंधन पुरवतं ते भरताचं वाक्य: माझ्याशिवाय कोण?

ऐकायला हे करुणेचं वाक्य वाटतं. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सत्ताविसावा श्लोक त्याच्यासमोर ठेवून बघा. भगवंत तिथे सांगतात की कर्मं होतात ती प्रकृतीच्या गुणांमुळे, पण अहंकाराने भुललेला माणूस ‘करणारा मीच’ असं धरून बसतो. अहंकार म्हटलं की आपल्याला मिजास आठवते. पण दमलेल्या, रडवेल्या माणसातही तो असू शकतो. ‘मीच सगळं केलं’ हा त्याचा एक चेहरा, आणि ‘मी नसले तर सगळं कोसळेल’ हा दुसरा. आपल्या घरांत हा दुसरा चेहरा जास्त दिसतो, आणि विशेषतः मुलींना तो गुण म्हणून शिकवला जातो.

गंडकीकाठी भरत खरोखरच एकटा होता. आपण बहुतेक वेळा नसतो. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, की आठवड्यातली सगळी कामं एका कागदावर लिही आणि प्रत्येकापुढे विचार, हे खरंच फक्त मलाच जमणार आहे का? यादी अठरा कामांची निघाली. त्यातली सहा-सात अशी होती की कोणालाही जमतील. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लागलं, आणि दुपारचे थेंब सासूबाईंनी घेतले. त्या म्हणे कधीच्या वाट बघत होत्या कोणी सांगेल याची. समोरच्या फ्लॅटमधल्या कॉलेजच्या मुलाने मोतीला संध्याकाळी खाली नेलं. ऑफिसात तिने आधीच सांगून ठेवलं की रक्ततपासणीच्या दिवशी दोन तास नसेन. नवऱ्याने बेंगळुरूहून किराणा आणि बिलं सांभाळली. पहाटेचं भरवणं मात्र तिचंच राहिलं, कारण मोती दुसऱ्या कोणाच्या हातून खात नव्हता. काही कामं खरंच आपलीच असतात. ती नाकारायची नाहीत, फक्त ती ‘माझ्यावर पडलेली’ न मानता ‘माझ्या हाती दिलेली’ मानायची.

“पण खरंच कोणी नसेल तर?” असंही तुमच्यापैकी काही जण विचारतील. परक्या शहरात एकटं राहणाऱ्यांचा हा प्रश्न खरा आहे. अशा वेळी यादी लहान करणं हाच मार्ग. या आठवड्यात पडदे धुतले नाहीत, दोन दिवस वरण-भातावर काढले, लग्नाला गेलो नाही, तर धर्म बुडत नाही. आजारी जीव, म्हातारी माणसं आणि पोटापाण्याचं काम एवढं सांभाळा, बाकीचं थांबेल.

आता दुसरं टोक. भरताची पूजा थोडी थोडी करत सुटली, हे विसरू नका. घाईच्या आठवड्यात पूजा छोटी करावी, पण शून्य करू नये. नवव्या अध्यायातल्या सव्विसाव्या श्लोकात भगवंतांनी मागितलंय ते किती थोडं आहे! एक पान, एक फूल, एखादं फळ, नाहीतर नुसतं पाणी. फक्त भक्तीने दिलेलं. षोडशोपचार जमत नसतील तर एक तुळशीचं पान ठेवा. तेही नसेल तर तांब्यातलं पाणी ठेवा आणि हात जोडा. दोन मिनिटं, पण त्या दोन मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत. धागा बारीक झाला तरी चालेल, तो तुटू देऊ नका.

आजच्यासाठी चार छोट्या गोष्टी:

१. कामाची यादी लिहा. ‘हे दुसऱ्या कोणाला सांगता येईल’ अशा एका तरी कामासमोर नाव लिहा, आणि आजच त्या माणसाला सांगा.

२. मुक्या जिवाला खायला घालताना फक्त तेच करा. वाटी ठेवताना मनात एकदा ‘कृष्णार्पण’ म्हणा आणि उठल्यावर ती काळजी तिथेच ठेवा. पुढच्या गोळीचा अलार्म लावला आहे ना? मग मधल्या वेळात आठवण ठेवायचं काम अलार्मला करू द्या.

३. प्रसाद वाटताना सांभाळा. द्राक्षं, बेदाणे-मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना घातक असतात. शिऱ्यातले बेदाणे प्रेमाने दिले तरी त्याच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. त्याचा प्रसाद म्हणजे त्याला पचणारा साधा घास.

४. झोपण्यापूर्वी राहून गेलेल्या कामांची उजळणी करू नका. झालेली तीन कामं आठवा, ती देवाच्या स्वाधीन करा, आणि न झालेलीही त्याच्याच स्वाधीन करा.

शेवटी भरताचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण पुष्कळदा गोष्ट हरणापाशीच थांबवली जाते. हरणाच्या जन्मातही त्याची पूर्वीची साधना वाया गेली नाही. त्याला सगळं आठवत होतं, आणि तो पुन्हा त्याच पुलहाश्रमात येऊन राहिला. तिसऱ्या जन्मी तो जडभरत झाला. रहूगण राजाच्या माणसांनी त्याला पालखी उचलायला लावली, तेव्हा ती सारखी हिंदकळायला लागली. का? तर हा बाणभर अंतरावरची जमीन बघत, पायाखाली एखादा जीव चिरडू नये म्हणून जपून पावलं टाकत होता!

इतकं भोगूनही त्याने करुणा सोडली नाही. पाडसावर माया केली म्हणून जन्म वाया गेला असं मानून तो कठोर झाला नाही. सुटलं होतं ते फक्त ‘माझं’ आणि ‘माझ्याशिवाय’. आणि ते सुटल्यावर त्याची माया एका पाडसापुरती न राहता वाटेवरच्या मुंगीपर्यंत पोहोचली. म्हणून ज्यांच्या घरी आज एखादा मुका जीव आजारी आहे, त्यांनी हा अध्याय अपराधी मनाने वाचू नये. त्याला जवळ घ्या, औषध द्या, आणि ज्याने त्याला तुमच्या दारी आणलं त्याच्यावर थोडा भार टाका.

प्रार्थना:

हे पांडुरंगा, या आठवड्यात माझे हात अपुरे पडतायत. जे काम माझं आहे ते मन लावून करायची बुद्धी दे. जे माझं एकटीचं किंवा एकट्याचं नाही, ते मोकळेपणाने दुसऱ्याला सांगायची नम्रता दे. माझ्या घरातला मुका जीव आधी तुझा आहे, मग माझा, हे मला विसरू देऊ नकोस. आणि तुळशीचं एक पान ठेवण्याइतका वेळ रोज माझ्याकडून काढून घे.

उद्याचं वाचन: स्कंध ५, अध्याय ९. जडभरताचा जन्म.

राम कृष्ण हरी!