जगज्जेती नाही, तरी ऑलिंपिक विजेती?

प्रश्न : माझी मुलगी शाळेत ज्युदो शिकते, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही. जर्मनीची इव्हॉन ब्यॉनिश 2003 च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत हरली, 2005 मध्ये पुन्हा हरली. दोन्ही वेळा तिला हरवणारी एकच, उत्तर कोरियाची क्ये सुन-हुई. मग मधल्या 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्णपदक ब्यॉनिशला कसं मिळालं? मुलगी म्हणते, ‘मटका लागला.’ खरंच तसं का?

उत्तर : तुम्ही दिलेली सालं बरोबर आहेत, फक्त एक गोष्ट राहून गेली. अथेन्सच्या अंतिम लढतीतही ब्यॉनिशच्या समोर क्ये सुन-हुईच उभी होती. म्हणजे 2003, 2004 आणि 2005, तिन्ही वर्षी 57 किलो गटाच्या सगळ्यात मोठ्या लढतीत त्याच दोघी, आणि हिशेब दोनास एक. मटका एखादे वेळी लागतो. सलग तीन वर्षं अंतिम फेरीत पोचायला तो पुरत नाही, एवढं मुलीला सांगा.

तरी ‘जी दोनदा हरली ती मध्येच जिंकली कशी’ हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर खेळाच्या नियमांत आहे. आपल्याकडे कुस्ती पाहिलेल्या माणसाला ते चटकन कळेल. समोरच्याला चीतपट केलं की कुस्ती निकाली. तोवर कोण वरचढ होता याला मग अर्थ राहत नाही. ज्युदोत त्याला ‘इप्पॉन’ म्हणतात. फरक असा, की इथे नुसती पाठ टेकवून भागत नाही. फेक जोरात, वेगात आणि स्वतःच्या ताब्यात ठेवून समोरचीला पाठीवर आपटावी लागते. जमिनीवर दाबून धरूनही इप्पॉन मिळतो. त्यासाठी अथेन्सच्या वेळी 25 सेकंद लागत, आता 20 लागतात. गळा आवळला किंवा कोपर उलटं ताणलं आणि समोरचीने हात आपटून शरणागती दिली, तरी लढत तिथेच संपते. पुष्कळांना ज्युदो म्हणजे कराटेचा भाऊ वाटतो, पण यात ठोसे नाहीत आणि लाथाही नाहीत.

आता प्रत्यक्ष लढत डोळ्यांपुढे आणा. दोघींच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. एकीचा हात दुसरीच्या बाहीवर जातो, दुसरी तो झटकते. कॉलर धरायला जावं तर खांदा मागे जातो. लढतीचा बराचसा वेळ या पकडीच्या झटापटीतच जातो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, या नुसत्या एकमेकींचे कपडे का ओढताहेत? पण पकड कुणाला मिळाली यावरच फेक कुणाची लागणार हे ठरतं. जवळपास तोडीस तोड असलेल्या दोघींत हा फरक बोटभर अंतराचा आणि अर्ध्या क्षणाचा असतो. शिवाय त्या काळी इप्पॉनच्या खाली वाझा-आरी, युको आणि कोका असे आणखी तीन लहान गुण होते. कोका तर 2008 च्या ऑलिंपिकनंतर रद्दच झाला. अशा खेळात त्याच दोघींनी दहा वेळा लढावं आणि दहाही वेळा एकीनेच जिंकावं, असं घडलं तर उलट नवल.

पण तुमच्या प्रश्नात क्ये सुन-हुईवर थोडा अन्याय होतो, म्हणून तिच्याविषयी. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकला ही मुलगी 16 वर्षांची होती. 48 किलोच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर जपानची र्योको तामुरा होती, सलग 84 लढती जिंकून आलेली. क्येने तिला हरवलं. पुढे 2000 मध्ये सिडनीला 52 किलोत कांस्य आणि 2004 मध्ये 57 किलोत रौप्य. वाढत्या अंगाबरोबर गट बदलत तिने तीन वेगवेगळ्या वजनांत ऑलिंपिक पदकं घेतली, शिवाय 2001, 2003, 2005 आणि 2007 अशी चार जागतिक विजेतेपदं. ब्यॉनिश जगज्जेती का झाली नाही, याचं निम्मं उत्तर या एका नावात आहे.

उरलेलं निम्मं वेळापत्रकात. तेव्हा जागतिक स्पर्धा वर्षाआड व्हायची. खेळाडूचा ऐन भर चार-पाच वर्षांचा धरला, तर संधी दोन, फार तर तीन. ब्यॉनिशने त्यातल्या दोनांत रौप्य मिळवलं.

आणखी एक गैरसमज मी ऐकतो, की ती जुन्या पूर्व जर्मनीच्या क्रीडाकारखान्यातून निघालेली. बर्लिनच्या दक्षिणेला असलेल्या लुडविग्सफेल्डं या गावी तिचा जन्म झाला आणि गाव पूर्व जर्मनीतच होतं, हे खरं. पण जन्म डिसेंबर 1980 चा. बर्लिनची भिंत पडली तेव्हा तिला नऊ वर्षंही पूर्ण नव्हती. पॉट्सडॅमच्या क्लबकडून ती खेळली ती एकत्र झालेल्या जर्मनीतच.

ब्यॉनिशचं अथेन्सचं सुवर्ण हे जर्मनीच्या महिलांचं ज्युदोतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि 2024 च्या पॅरिसपर्यंत तरी एकुलतं एक. ‘एवढ्या उशिरा?’ असं वाटेल. पण पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये 1964 ला आला, तर महिलांचा 1988 ला नुसता प्रात्यक्षिक म्हणून आणि पदकांसह 1992 ला. त्या हिशेबाने अथेन्स हे महिलांचं चौथंच ऑलिंपिक.

पदकतक्त्यात कांस्यं दोन दिसतात, ती छापखान्याची चूक नव्हे. वाटेत हरलेल्यांपैकी काहींना पुन्हा संधी मिळते आणि त्यातून दोघींना कांस्य जातं. अथेन्सला ती नेदरलँड्सची देबोरा ग्राव्हेनस्टाइन आणि क्यूबाची युरिस्लेदी लुपेतेय यांना मिळाली.

निवृत्तीनंतर ब्यॉनिश प्रशिक्षक झाली. 2021 मध्ये ऑस्ट्रियाने तिला मुख्य प्रशिक्षक नेमलं, पुरुष आणि महिला दोघांसाठी. त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकला तिच्या चमूने दोन पदकं आणली : मिखाएला पोलेरेसचं रौप्य आणि शमिल बोर्खाश्विलीचं कांस्य.