दुसऱ्यांदा ठेवलेला हात



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हांला पुष्कळ काही शिकायला मिळते. अशाच एका घरी खुब्याचा सांधा बदललेल्या एक वयस्कर मावशी आहेत. बारा वर्षांपूर्वी ऑपरेशन झाले. त्या पुन्हा चालू लागल्या, चर्चला येऊ लागल्या आणि वाडीतल्या प्रार्थनासभेत त्यांनी देवाचे जाहीर आभारही मानले. आता तोच सांधा सैल झाला आहे आणि डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितले आहे. कम्युनियन झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "फादर, तेव्हा देवाने बरं केलं असं मी सगळ्यांना सांगितलं. आता काय सांगू?" सूनबाई चहा आणायला आत गेल्या, तेव्हा म्हणाल्या, "पोरांना पुन्हा किती त्रास द्यायचा?"

हे दोन प्रश्न अनेक घरांत आहेत. आज त्यांचाच विचार करू या.

१. सांधा सैल होणे ही शिक्षा नव्हे

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी कृत्रिम सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती लवकर झिजली आणि त्यांना आपल्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ साली त्यांनी अधिक टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी वापरली आणि या उपचाराला खरे यश आले. म्हणजे दुसरे ऑपरेशन ही गोष्ट या उपचाराच्या इतिहासात पहिल्यापासूनच आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बसवलेल्या १०० सांध्यांपैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. बाकीचे त्याआधी बदलावे लागतात. कधी सांधा झिजतो, कधी सैल होतो, कधी निखळतो, कधी जंतुसंसर्ग होतो, तर कधी बाजूचे हाड मोडते. यांपैकी एकाही कारणावरून कोणाची श्रद्धा मोजता येत नाही.

दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठे असते, हेही खरे. जुना सांधा काढावा लागतो, हाड कमी झालेले असू शकते. जंतुसंसर्ग असेल तर कधी कधी दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे थांबून काम करावे लागते. तेव्हा भीती वाटणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता.

२. बेथसैदाचा आंधळा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात (८:२२-२६) एक वेगळीच घटना आहे. बेथसैदा येथे प्रभू एका आंधळ्याला गावाबाहेर नेऊन त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते का, असे विचारतो. त्याला माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी! तो खरे ते सांगतो. प्रभू त्याला रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. तो पुन्हा एकदा हात ठेवतो आणि त्या माणसाला सारे स्पष्ट दिसू लागते.

मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दुसऱ्या स्पर्शाची गरज पडली म्हणून पहिला स्पर्श खोटा ठरत नाही. ती बारा वर्षे देवाचीच देणगी होती, तेव्हा मानलेले आभार आजही खरे आहेत.

जुन्या करारात तर खुब्याचीच गोष्ट आहे. याकोब रात्रभर झुंजला आणि त्याच्या मांडीचा सांधा निखळला (उत्पत्ती ३२). सकाळी तो लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊन! इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (११:२१) हाच याकोब म्हातारपणी काठीवर टेकून देवाची आराधना करताना दिसतो. काठी आणि आराधना यांचे वैर नाही.

३. कोडे आणि गूढ

गाब्रिएल मार्सेल हे विसाव्या शतकातील फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ. त्यांनी कोडे आणि गूढ यांत फरक केला. कोडे आपल्यासमोर असते, ते सोडवता येते. गूढात मात्र आपण स्वतःच गुंतलेले असतो. सैल झालेला सांधा हे सर्जनपुढचे कोडे आहे, त्यासाठी एक्स-रे आणि कौशल्य हवे. "हे पुन्हा माझ्याच वाट्याला का?" हे गूढ आहे. त्याचे उत्तर एक्स-रेत सापडत नाही. तेथे कोणीतरी सोबत बसावे लागते.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांना हे अनुभवाने ठाऊक होते. १३ मे १९८१ रोजी गोळी लागल्यावर ते शस्त्रक्रियेतून वाचले, घरी आले, पण त्याच जून महिन्यात त्यांना पुन्हा इस्पितळात जावे लागले आणि ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. पुढे एप्रिल १९९४ मध्ये ते न्हाणीघरात पडले, मांडीचे हाड मोडले आणि खुब्यात कृत्रिम सांधा बसवावा लागला. त्यानंतर जगाने त्यांना काठी घेऊन चालताना पाहिले. त्यांनी ती लपवली नाही. ११ फेब्रुवारी १९८४ च्या 'साल्विफिची दोलोरिस' या पत्रात त्यांनी दुःखाचा अर्थ सांगितला आणि शेवटी चांगल्या शमरोन्याची आठवण दिली. आजाऱ्याने आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडावे आणि इतरांनी त्याच्यापाशी थांबावे. या दोन्ही गोष्टी एकत्रच चालतात.

४. संस्कार पुन्हा घेता येतो

तैलाभ्यंग म्हणजे शेवटची घटका, हा समज अजून गेलेला नाही. फादरांना बोलावले की शेजारी दचकतात! ख्रिस्तसभेची शिकवण (कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ, क्र. १५१५) सांगते की गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी हा संस्कार घेणे योग्य आहे. रुग्ण बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर तो पुन्हा देता येतो. म्हणजे ख्रिस्तसभाही दुसऱ्यांदा हात ठेवते. तेव्हा इस्पितळात दाखल होण्यापूर्वीच आम्हांला कळवा.

५. खाट उचलणारे चौघे

कफर्णहूम येथे चौघांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडले, तेव्हा प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला (मार्क २:१-१२). आज खाट उचलणे म्हणजे काय? ऑपरेशनपूर्वी घरातली सरकणारी पायपुसणी काढणे, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवणे, कमोड आणि उंच खुर्चीची सोय करणे. नंतर किती वाकायचे, पायावर पाय टाकायचा की नाही, हे आपल्याच सर्जनकडून समजून घेणे आणि व्यायाम चुकू न देणे. पोटरी सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आले तर थांबू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे. शेजाऱ्यांनी एक वेळचा डबा द्यावा, दुपारी दोन तास बसावे, म्हणजे रात्र जागलेल्या सुनेला झोप मिळेल. सेवा करणाऱ्यालाही खांदा लागतोच.

मावशींचा दुसरा प्रश्न मात्र आम्हांला सोडवावा लागला नाही. चहा घेऊन आलेल्या सूनबाईंनी तो ऐकला होता. त्या म्हणाल्या, "आई, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही रात्री जागलात, तो त्रास होता का?" मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कप घेतला आणि सुनेचा हात धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात मावशींचे ऑपरेशन आहे. त्यांना आपल्या प्रार्थनेत ठेवू या.

कुटुंबात चिंतनासाठी:
१. मदत मागायला आपल्याला संकोच का वाटतो?
२. आपल्या वाडीत कोणाच्या खाटेचा चौथा कोपरा रिकामा आहे?

प्रार्थना: हे प्रभो येशू, बेथसैदाच्या आंधळ्यावर तू दोनदा हात ठेवलास. पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या आमच्या आजाऱ्यांना धीर दे, डॉक्टरांच्या हातांना यश दे आणि सेवा करणाऱ्यांना बळ दे. आमेन.